कोरलेला दगड कोणाचा?

वरवट बकालच्या शिवारात दगड सापडत नाही. पूर्णा नदीने आणि तिला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ आमच्या पायाखाली आहे. नांगराला काळी माती लागते, खडक लागत नाही. सातपुड्याची रांग उत्तरेला डोळ्यांसमोर उभी असते; पण तेथून दगड आणायचा, तर पूर्वी बैलगाडीचे भाडे मोजावे लागे. अशा मुलखात एखाद्या पाराजवळ कमरेइतका उंच, कोरीव दगड उभा दिसला, तर मनात पहिला प्रश्न असा येतो की, एवढा खर्च कोणी केला आणि कशासाठी केला? व्यापाऱ्याच्या घरातला जन्म आणि बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी यांमुळे असेल, पण कोणत्याही शिल्पासमोर उभा राहिलो की मला आधी हिशेब दिसतो आणि मग सौंदर्य.

लहानपणी अशा दगडांना आम्ही सरसकट देव म्हणत असू. शेंदूर आणि तेल यांच्या थरांखाली मूळ आकृती दिसेनाशी झालेली असे. पुढे नोकरीतल्या बदल्यांमुळे महाराष्ट्र पाहिला, जाणत्या माणसांची संगत लाभली आणि या दगडांतले पुष्कळसे वीरगळ असतात, हे कळले. वीरगळ म्हणजे लढताना, गुरे सोडवताना किंवा गावाचे रक्षण करताना मरण पावलेल्याचे स्मारक. दगडाच्या एका अंगावर तीन-चार आडवे कप्पे कोरलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. सर्वांत खाली मृत्यूचा प्रसंग. मधल्या कप्प्यात अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत. आणि वरच्या कप्प्यात तो आपल्या आराध्यदैवतासमोर हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. जोवर ते आकाशात आहेत, तोवर ही स्मृती राहो, असा त्याचा संकेत. मुंबईच्या बोरिवलीतील एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांची जहाजे रांगेने युद्धाला निघालेली दिसतात. गोव्याच्या संग्रहालयांतही असे वीरगळ जपून ठेवलेले आहेत.

या सगळ्यांत माझे लक्ष वेधले ते वरच्या कप्प्याने. खालची लढाई, घोडे, ढाली, मधल्या अप्सरा हे सर्व बहुतेक ठिकाणी सारखेच. बदलते ते वरचे दैवत. मरणारा शिवभक्त असेल तर वर शिवलिंग असते, आणि तो श्रावक असेल तर वर पद्मासनातली जिनमूर्ती असते. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सावियब्बे नावाच्या एका श्राविकेचा, दहाव्या शतकातला समजला जाणारा वीरगळ आहे. पतीसोबत ती रणात उतरली आणि तेथेच पडली. हातात तलवार घेतलेली ती स्त्री घोड्यावर आहे आणि समोर हत्तीवरचा शत्रू आहे. अहिंसा हा ज्यांचा परमधर्म, त्यांच्या तीर्थावर हे युद्धाचे चित्र पाहून नव्या यात्रेकरूला नवल वाटते. परंतु तो दगड ज्यांनी उभारला, त्यांना तसे वाटले नसावे. त्या काळात शौर्याचे स्मरण करण्याची जी रीत सर्वांची होती, तीच त्यांनी वापरली.

त्याच टेकडीवर निषिधीचे दगडही आहेत. सल्लेखना घेऊन ज्यांनी शांतपणे देह ठेवला, त्यांची ही स्मारके. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती गंगराज हा निष्ठावान श्रावक होता. त्याची पत्नी लक्ष्मीमती हिने ११२१ मध्ये सल्लेखना घेतली, तेव्हा आणि ११२३ मध्ये त्याचे गुरू शुभचंद्र यांनी देह ठेवला, तेव्हाही त्याने अशी स्मारके करविली. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी नसावे. गोमटेश्वराच्या पायाशी जे जुने मराठी लेख आहेत, त्यांत मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाबरोबर भोवतालची ओवरी करविणाऱ्या याच गंगराजाचा उल्लेख आहे. निषिधीच्या दगडावर सामान्यतः वर जिनमूर्ती असते, आणि खाली लढाईच्या जागी गुरू, शिष्य आणि ठवणीवर ठेवलेला ग्रंथ असतो. म्हणजे चौकट वीरगळाचीच राहिली आणि रणांगणाच्या जागी स्वाध्याय आला. कारागीर तेच असतील, निदान त्यांची विद्या एकच होती. सगळ्यांच्या ओळखीची चौकट घ्यायची आणि तिच्यात आपले सांगणे भरायचे, ही आपल्या पूर्वजांची पद्धत होती.

ही पद्धत केवळ आपल्याकडचीच नाही, हे मला इंग्लंडमध्ये उमगले. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त लीड्स शहरी राहतात. निवृत्तीनंतर आम्ही उभयता त्यांच्याकडे तीन महिने होतो. त्या शहराच्या मुख्य चर्चमध्ये, लीड्स मिन्स्टरमध्ये, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा उंच, साधारण हजार वर्षांपूर्वीचा एक दगडी क्रूस आहे. त्यावर हातात ग्रंथ घेतलेले ख्रिस्ती संत आहेत, द्राक्षवेल आहे, दोरीच्या गाठीसारखी एकमेकींत गुंतलेली नक्षी आहे. हे सर्व अपेक्षितच. परंतु त्याच क्रूसाच्या खालच्या भागात एक माणूस पंख बांधून उडण्याच्या बेतात आहे, आणि त्याच्याजवळ लोहाराची हत्यारे आहेत. बायबलमध्ये असा लोहार कोठेही नाही.

तो आहे वेलंड, उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधला अद्वितीय कारागीर. त्याचे कसब आपल्याच पदरी राहावे, म्हणून एका राजाने त्याला पकडून त्याच्या पायाच्या शिरा तोडल्या आणि त्याला बेटावर डांबून ठेवले. वेलंडने सूड घेतला आणि स्वतः पंख तयार करून तेथून उडून गेला. ही कथा ख्रिस्ती धर्माच्या आधीची. मग ती क्रूसावर आली कशी?

इसवी सन ८६६ मध्ये डेन्मार्ककडून आलेल्या सैन्याने यॉर्क शहर घेतले. लुटारू म्हणून आलेली ही माणसे पुढच्या दहा वर्षांत तेथे जमिनी कसू लागली, व्यापार करू लागली आणि तेथलीच झाली. स्थानिक लोक ख्रिस्ती होते आणि उंच दगडी क्रूस कोरण्याची त्यांची परंपरा फार जुनी होती. आलेल्या लोकांकडे तसे दगडी क्रूस नव्हते, पण थॉर, ओडिन, सिगर्ड, वेलंड यांच्या कथा होत्या आणि प्राण्यांच्या शरीरांची गुंतागुंत करणारी स्वतःची नक्षी होती. दोन-तीन पिढ्यांत ते ख्रिस्ती झाले, त्याच दफनभूमीत आपल्या माणसांना मूठमाती देऊ लागले आणि स्थानिक पाथरवटाकडून स्मारके करवून घेऊ लागले. या मिश्रणातून जे दगड घडले, त्यांना अभ्यासक अँग्लो-स्कँडिनेव्हियन म्हणतात.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध दगड कंब्रिया परगण्यातील गॉसफर्थ येथे चर्चच्या अंगणात उभा आहे. लाल वालुकाश्माचा, सुमारे ४.४ मीटर उंचीचा हा सडपातळ क्रूस दहाव्या शतकातला आहे. त्याच्या एका बाजूवर क्रूसावरचा ख्रिस्त कोरलेला आहे. इतर बाजूंवर मात्र जुन्या देवांच्या शेवटच्या युद्धाची कथा आहे. एक देव प्रचंड लांडग्याचा जबडा फाडतो आहे. दुसरीकडे बांधून घातलेल्या लोकीच्या अंगावर सापाचे विष ठिबकते आहे आणि त्याची पत्नी ते वाटीत झेलते आहे. बरीच शतके या आकृतींवर शेवाळ चढलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या पार्कर नावाच्या डॉक्टरांनी आणि कॅल्व्हर्ली नावाच्या धर्मोपदेशकांनी त्यांचा अर्थ लावला. ज्या धर्मोपदेशकाने दुसऱ्या धर्माच्या कथा चर्चच्या अंगणात ओळखल्या आणि त्या लोकांना समजावून सांगितल्या, त्याचे मला विशेष कौतुक वाटते.

जुना धर्म सोडला तरी जुन्या कथा का कोरल्या, याचे अनेक अर्थ लावले गेले आहेत. बहुतेकांना पटणारा अर्थ असा की, जुन्या देवांचा अंत आणि नव्या श्रद्धेचा विजय ही दोन्ही चित्रे एकमेकांना समजावून सांगण्यासाठी शेजारी ठेवली आहेत. उडणारा लोहारही पंख असलेल्या देवदूतांच्या संगतीत शोभून दिसतो. नव्या माणसाला नवी गोष्ट सांगताना त्याच्या ओळखीच्या गोष्टीचा आधार घ्यावा लागतो. दुकानात नवा माल दाखवणाऱ्या कोणाही जाणत्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

व्यापाऱ्यांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. याच काळात यॉर्कच्या टांकसाळीत चांदीची नाणी पडत होती. साधारण ९२१ ते ९२७ या वर्षांतल्या काही नाण्यांवर सेंट पीटर या ख्रिस्ती संताचे नाव आहे, तलवार आहे आणि थॉर देवाचा हातोडाही आहे. बाजारात दोन्ही श्रद्धांची माणसे येत, तेव्हा नाणे दोघांनाही आपले वाटले पाहिजे. डेन्मार्कमध्ये दगडाचा एक साचा सापडला आहे, त्यात क्रूस आणि हातोडा हे दोन्ही एकाच वेळी ओतता येत. डेव्हिड स्टॉकर या अभ्यासकाने २००० साली एक लक्षवेधी मांडणी केली. लिंकनशर आणि यॉर्कशर भागांत दहाव्या शतकातली एखाद-दुसरी स्मारकशिळा बहुतेक दफनभूमींत मिळते. ती त्या गावच्या जमीनदार घराण्याची. परंतु काही ठिकाणी त्या एकदम मोठ्या संख्येने मिळतात, आणि ती ठिकाणे बहुधा नदीकाठच्या धक्क्यांजवळची आहेत. त्यावरून त्याने असे अनुमान काढले की, तेथे व्यापाऱ्यांच्या वस्त्या असाव्यात. परमुलखातून आलेला व्यापारी चार पैसे मिळवतो आणि मग आपल्या माणसाचे नाव त्या मातीत राहावे म्हणून दगड कोरवतो. हे वाचताना मला मारवाड, गुजरात सोडून वऱ्हाडात कापसाच्या आणि किराण्याच्या धंद्यासाठी आलेली आपली घराणी आठवली.

आता आपल्याकडची गोष्ट पाहू. वेरूळला क्रमांक ३० ते ३४ ही आपली लेणी आहेत. त्यांतल्या ३० क्रमांकाच्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात, कारण त्याचा घाट शेजारच्या भव्य कैलास मंदिरासारखा आहे. शिवमंदिराचा आराखडा घेतला, गाभाऱ्यात जिनमूर्ती ठेवली. ३२ क्रमांकाच्या लेण्यात हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोक इंद्र समजले आणि त्या लेण्याचे नावच इंद्रसभा पडले. तेथेच आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. बाहुबलींच्या पायांवरून चढलेली वेल पाहावी. मंदिराच्या खांबांवर जी वेलपट्टी केवळ शोभेसाठी येते, तिला तेथे अर्थ मिळाला आहे. उभ्या देहावर वेल चढेपर्यंत जो हलला नाही, त्याच्या ध्यानाचे ते माप आहे. नक्षी सर्वांची असते. तिच्यात कोणता अर्थ भरायचा, ते आपल्या हाती असते.

मंदिराच्या दरवाजाच्या कोरीव चौकटीला द्वारशाखा म्हणतात. वेलपट्टी, रत्नपट्टी, हंसांच्या रांगा, खाली द्वारपाल, वर नर्तकी आणि वादक असे तिचे ठरलेले भाग असतात. यादवकाळातल्या ज्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो, त्यांत शिवाचे मंदिर असो, विष्णूचे असो की जिनालय असो, हे भाग थोड्याफार फरकाने सारखेच असतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा सातगावचे विष्णुमंदिर पाहिलेल्या माणसाला वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या पवळी मंदिरापुढे उभे राहिल्यावर ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते. मग हे मंदिर कोणाचे, ते कसे ओळखायचे? त्यासाठी चौकटीच्या वरच्या पट्टीच्या बरोबर मध्यभागी पाहायचे. तेथे एक लहानशी मूर्ती असते, तिला ललाटबिंब म्हणतात. जिनालयात तेथे तीर्थंकर असतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर करारनाम्याचा नमुना सर्वांसाठी एकच छापलेला असतो. तो कोणाचा, हे खालच्या सहीवरून ठरते. ललाटबिंब ही तशी सही आहे.

आणि या कामांना पैसा कोठून येई? नाशिकजवळच्या अंजनेरी येथील जिनालयातला शके १०६३ चा शिलालेख त्याचे उत्तर देतो. यादव राजा सेउणचंद्राच्या काळात त्या मंदिराला काही दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद त्यात आहे. दुकान चालेल तोवर मंदिरात दिवा लागेल, असा तो हिशेब. आज आपण ज्याला कायम ठेव म्हणतो, तिचीच ही जुनी तऱ्हा.

हे सर्व मी आपल्यापुढे मांडतो आहे, ते हौस म्हणून नव्हे. गेली काही वर्षे गावोगावच्या संघांचे हिशेब तपासण्याची सेवा मी करतो. जीर्णोद्धाराची लाट आपण सारे पाहत आहोत. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपल्याकडे म्हटले जाते. परंतु प्रत्यक्षात जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक ठिकाणी जुने पाडून मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवरात नवे बांधणे असते. गावाचे नाव सांगत नाही, पण एका संघाच्या अंदाजपत्रकात मला एक ओळ दिसली. 'जुना दगड, भरावासाठी. वजावट रुपये १८,०००.' म्हणजे जुन्या मंदिराचा दगड नव्या मंदिराच्या पायात टाकायचा आणि तेवढा मुरूम वाचवायचा.

मी दगड पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मंदिराच्या मागे पत्र्याच्या आडोशाला काळ्या पाषाणाची सबंध द्वारशाखा सुटी करून ठेवली होती. तिच्यावर चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर होते. तरुण विश्वस्त म्हणाले, "साहेब, यावर नाचणाऱ्या बायका आहेत, गदा घेतलेले द्वारपाल आहेत. हे आपले नाहीच. कोठल्या तरी पडक्या देवळातून आणून कोणीतरी बसवले असणार."

मी वाद घातला नाही. जवळच्या शहरातले इतिहासाचे एक प्राध्यापक माझ्या परिचयाचे होते, त्यांना विनंती केली. ते आले आणि त्यांनी दोन दिवस खपून वरच्या पट्टीचा मधला भाग हलक्या हाताने मोकळा केला. रंगाच्या खालून तळहाताएवढी पद्मासनस्थ जिनमूर्ती निघाली. जमलेल्यांचे हात आपोआप जोडले गेले. एका वयोवृद्ध काकांच्या डोळ्यांत पाणी आले. "सत्तर वर्षे या दारातून आत गेलो," ते म्हणाले, "आणि भगवान वर बसलेले ठाऊक नव्हते."

येथे गोष्ट संपायला हवी होती; पण खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. कंत्राटदाराने सुचवले की, यंत्राने मधली मूर्ती तेवढी कापून घेऊ, नव्या संगमरवरी चौकटीत बसवू आणि बाकीचा दगड ठरल्याप्रमाणे भरावात टाकू. पुष्कळांना ही तोड पसंत पडली. आपले तेवढे राहील, इतरांचे जाईल, खर्चही वाढणार नाही.

तेव्हा मात्र मी बोललो. म्हटले, "सही तेवढी कापून ठेवली आणि करारनामा फाडून टाकला, तर त्या सहीला अर्थ काय उरला? त्या नर्तकी, ते द्वारपाल, ती हंसांची रांग त्या काळच्या आपल्याच श्रावकांनी पैसे मोजून कोरवून घेतली आहे. शेजाऱ्याच्या देवळाला जो पाथरवट लागला, तोच त्यांनी लावला. शेजाऱ्याला जी शोभा आवडली, ती त्यांनाही आवडली. त्यांनी फक्त एका ठिकाणी, सर्वांत वर आणि मध्यभागी, आपली श्रद्धा स्पष्ट लिहिली. ते आपल्या धर्मात कमी पडले, असे कोण म्हणेल?" आणि मग मी त्यांना लीड्सच्या क्रूसाची हकिकत सांगितली.

तो क्रूसही जीर्णोद्धारातच सापडला. १८३८ मध्ये लीड्सचे जुने चर्च पाडून नवे बांधण्याचे काम सुरू झाले. जुन्या मनोऱ्याच्या भिंतीत हे कोरीव दगड साध्या बांधकामाच्या दगडांसारखे चिणलेले मिळाले. म्हणजे त्याहीपूर्वी कधीतरी कोणी क्रूस फोडून भिंतीत घातला होता. चँट्रेल नावाच्या वास्तुविशारदाने ते तुकडे भरावात जाऊ दिले नाहीत, स्वतःकडे नेले. त्याच्या पश्चात १८८० च्या सुमारास ते शहराला परत मिळाले आणि आज चर्चमध्ये मानाने उभे आहेत. यॉर्कशरमधल्या मिडलटन येथील क्रूसही असाच चर्चच्या मनोऱ्याच्या भिंतीतून १९४८ मध्ये बाहेर काढण्यात आला. जुने दगड फोडून भिंती बांधण्यात तेही आपल्यापेक्षा मागे नव्हते. फरक पुढचा आहे. रोझमेरी क्रॅम्प या विदुषींच्या पुढाकाराने त्यांनी अशा प्रत्येक दगडाची नोंद करण्याचे काम हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९८४ मध्ये निघाला. मुठीएवढा तुकडा असला तरी त्याला क्रमांक, माप, छायाचित्र आणि सापडल्याचे ठिकाण. वेलंडचे चित्र असलेला दगड ख्रिस्ती नाही म्हणून कोणी बाजूला टाकला नाही.

त्या बैठकीचा निर्णय दोन आठवड्यांनी झाला. द्वारशाखा सबंध ठेवायची आणि नव्या इमारतीत स्वाध्याय मंदिराच्या दाराला बसवायची, असे ठरले. जादा खर्च ६५,००० रुपये आला. तो गावातल्या एका किराणा व्यापाऱ्याने नाव न लावण्याच्या अटीवर दिला. मात्र खांबांच्या दोन कोरीव बैठका आधीच पायात गेल्या होत्या. त्यांच्यावर काय होते, ते आता कोणाला सांगता येणार नाही.

त्या दोन बैठकांमुळे हा लेख लिहावासा वाटला. आपल्या संघांना माझी विनंती साधी आहे. प्रत्येक कार्यालयात जडसंग्रह नोंदवही असते. खुर्च्या, कपाटे, पंखे यांची तिच्यात नोंद असते, आणि तपासणीस आला की तो प्रत्येक वस्तू मोजतो. आपल्या मंदिरांत भांडी, चांदीची छत्रे आणि सतरंज्या यांच्या नोंदी आहेत, दगडांच्या नाहीत. जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी जुन्या कोरीव दगडांची अशी एक नोंदवही करावी. क्रमांक, लांबी-रुंदी, चारही बाजूंची छायाचित्रे आणि तो मूळ कोठे होता ती जागा, एवढे पुरे. गावातली महाविद्यालयीन मुले हे काम एका रविवारी करू शकतील. रंग काढण्याची घाई करू नये. आम्ल, वाळूचा मारा, तारेचा ब्रश यांचा दगडाला स्पर्शही होऊ देऊ नये, जाणकाराला बोलवावे. अंदाजपत्रकात 'जुना दगड' या शब्दांपुढे कोणतीही वजावट मांडू नये.

कायदाही हेच सांगतो. पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी दगडी शिल्पे ही पुरावस्तू ठरतात आणि त्यांची नोंदणी करावी लागते. जमिनीत पुरलेल्या अवस्थेत काही मिळाले, तर १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे आणि त्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. विश्वस्तांनी हे भय म्हणून न घेता संरक्षण म्हणून घ्यावे. ज्या वस्तूची नोंद असते, ती सहजासहजी नाहीशी होत नाही.

आपल्या मुलांना आपण विचारतो, की आपली ओळख कशात आहे? आहारात, आचारात, नवकारात, हे ती सांगतात आणि ते खरेच आहे. त्याबरोबर हेही त्यांना दाखवावे की, आपल्या पूर्वजांनी ज्या गावात दुकान मांडले, त्या गावची भाषा आपली केली, तेथला पाथरवट, तेथली वेलपट्टी, तेथली चौकट आपली मानली आणि तरीही आपले ललाटबिंब कधी बदलले नाही. आपली श्रद्धा पक्की असलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या नक्षीची भीती वाटत नाही. हे शिकवायला जुन्या द्वारशाखेइतका चांगला धडा दुसरा नाही, आणि तो एकदा भरावात गेला की परत मिळत नाही. पुढच्या बैठकीत अंदाजपत्रक वाचाल, तेव्हा ती ओळ तेवढी शोधा.

जय जिनेंद्र.